गाडी नवी आहे तोवरच रंगाचं बघा: पीपीएफ आणि सिरॅमिक कोटिंग, ठाणे-नवी मुंबईच्या हिशोबाने

आधीची गाडी विकायला काढली तेव्हा बघायला आलेला माणूस आमच्या पोडियम पार्किंगमधे गाडीभोवती एक चक्कर मारून थांबला, खिशातून मोबाईल काढला आणि टॉर्च लावून बोनेटच्या अगदी जवळ धरला. उजेडाभोवती सगळीकडे बारीक गोल गोल रेघा, कोळ्याचं जाळं पसरावं तशा. मग खाली वाकून तो बंपर आणि बोनेटच्या पुढच्या कडेवरचे टवके बोटाने मोजायला लागला, सतरा निघाले, त्यातल्या बोनेटवरच्या दोन टवक्यांत गंज धरायला सुरुवात झाली होती. गाडी फक्त ५ वर्षांची, इंजिन ठणठणीत, सर्व्हिस वेळेवर, तरी त्याने रंगाकडे बोट दाखवून भाव पाडला आणि मला काही बोलता आलं नाही कारण तो बरोबर होता.

त्यामुळे पाडव्याला नवीन गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा बुकिंग केल्यापासून डिलिव्हरीपर्यंतचे दोन महिने मी याच विषयात घातले. राहायला कासारवडवली, ऑफिस महापे, त्यामुळे येता-जाता ठाण्यातले आणि वाशी-तुर्भेकडचे डिटेलिंगवाले, म्हणजे गाडीच्या रंगाची सफाई, पॉलिश, कोटिंग करणारे, पालथे घातले, काम चालू असताना तिथे उभा राहिलो, काढलेल्या जुन्या फिल्म हातात घेऊन बघितल्या. गाडी गडद निळी, कॉम्पॅक्ट एसयूव्ही. जे कळलं ते सगळं क्रमाने लिहितोय, पण त्याआधी एवढं लक्षात ठेवा की फिल्म (पीपीएफ, रंगावर चिकटवायचा पारदर्शक थर) असते दगडासाठी, कोटिंग (सिरॅमिक, रंगावर लावायचा द्रव) असतं धुणं सोपं व्हावं म्हणून, आणि या दोन्हीच्या आधी बघायचा असतो तो गाडी पुसणाऱ्याच्या हातातला फडका. हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि दुकानात गेलं की तिन्हीची खिचडी करून आपल्याला एकच पॅकेज विकतात.

रंग किती जाड असतो ते आधी समजून घ्या

पत्र्यावर सगळ्यात खाली गंज रोखणारा ई-कोट, त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग आणि वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, आणि त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनच्या आसपास. डोक्याचा एक केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे गाडीची जी चमक आपण बघतो ती केसापेक्षा पातळ थरात आहे, आणि उन्हापासून खालच्या रंगाला वाचवणारा पण तोच थर. मशीनने रबिंग-पॉलिश केलं की रेघा जातात कारण तो थरच थोडा घासला जातो, आणि एकदा गेलेला क्लिअर कोट परत येत नाही. म्हणून 'दर सहा महिन्यांनी रबिंग मारून घ्या, गाडी नवीसारखी होते' हा सल्ला मला अजिबात पटत नाही, नवीसारखी दिसते हे खरं पण प्रत्येक वेळी थोडी झिजते.

पहिलं काम: तुमच्या गाडीला नक्की काय लागतंय ते शोधा

हे कुठलंही दुकान तुमच्यासाठी करणार नाही. तुम्ही जातायेता त्याच रस्त्याने रोज जाणारी सोसायटीतली एखादी ३-४ वर्षांची गाडी शोधा, मालकाला विचारून रात्री टॉर्च मारून बघा. पुढच्या बाजूला टवके किती, दरवाज्यांवर रेघा किती, टपावर डाग कसले. तुमच्या गाडीचं तीन वर्षांनी काय होणार याचं उत्तर तिथेच मिळतं.

माझा रोजचा रस्ता म्हणजे घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामाचे बॅरिकेड, पुढे माजिवडा, कळवा, विटावा, आणि मग ठाणे-बेलापूर रोडला डंपर. ताडपत्री अर्धवट बांधलेल्या डंपरमधून खडी सांडते ती रस्त्यावर पडून राहते आणि पुढच्या गाडीच्या टायरने उडून आपल्या बोनेटवर येते, तो 'टक' आवाज ज्याने ऐकलाय त्याला वेगळं सांगायला नको. उरणकडे जाणाऱ्यांना कंटेनर ट्रेलर, शिळफाटा आणि मुंब्रा बायपासवाल्यांना अवजड वाहनं, तळोज्याच्या बाजूला एमआयडीसीची धूळ. यांच्या गाड्यांना पुढून मार आहे आणि त्यावर फिल्मशिवाय दुसरं काहीही चालत नाही. याउलट जी गाडी आठवडाभर पार्किंगमधे उभी असते आणि रविवारी तलावपाळीला किंवा वाशीला मॉलपर्यंत जाते तिला टवके फार पडत नाहीत, तिचं नुकसान होतं ते पुसण्याने आणि वरून पडणाऱ्या गोष्टींनी.

वरून काय पडतं ते पण बघून ठेवा. कबुतरांची विष्ठा उन्हात एक दिवस राहिली तरी क्लिअर कोटमधे खड्डा पाडते, कारण उन्हात क्लिअर कोट मऊ होतो आणि थंड होताना त्या वाळलेल्या थराबरोबर आकसतो. आंब्याच्या झाडाखाली मोहोराच्या दिवसात तुडतुड्यांचा चिकट रस पडतो, बदामाच्या झाडाखाली वटवाघळांनी चघळून टाकलेली फळं. आणि एक गोष्ट जी सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे, पोडियम किंवा बेसमेंटच्या स्लॅबमधून पावसाळ्यात ठिबकणारं पाणी. ते स्लॅबमधला चुना घेऊन खाली येतं, गाडीवर वाळलं की पांढरा ओघळ उठतो आणि तो चार-आठ दिवस राहिला तर घासूनही जात नाही. यावर ना फिल्म पुरतं ना कोटिंग, सेक्रेटरीला पत्र देऊन जागा बदलून घ्या किंवा गळतीखाली पत्रा ठोकून घ्या, तो खर्च कुठल्याही कोटिंगपेक्षा कमी आहे. पाम बीच, सीवूड्सकडे खाडीची खारी हवा, तिथे टवका उडाला की गंज लवकर धरतो.

पीपीएफ, सिरॅमिक, विनाइल: कोण काय करतं

पीपीएफ म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी सैन्याच्या हेलिकॉप्टरची पाती वाळू-दगडांपासून वाचवायला अशी फिल्म वापरायला सुरुवात झाली, तिथून ती रेसिंगच्या गाड्यांवर आणि मग आपल्या गाड्यांवर आली. चांगली फिल्म टीपीयू म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची असते, जाडी १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगाइतकी किंवा त्याहून जास्त जाडी आपण वरून चढवतो. रबरासारखी ताणली जाते त्यामुळे दगड आपटला तर धक्का पसरवते. सगळ्यात वर एक वेगळा थर असतो, त्याच्यावरच्या बारीक रेघा उष्णतेने आपोआप भरून येतात. मला एका दुकानात तांब्यापितळेच्या तारेचा ब्रश फिल्मवर घासून दाखवला, फिल्म पार पांढुरकी झाली, मग त्याने किटलीतलं गरम पाणी त्यावर ओतलं आणि रेघा डोळ्यासमोर विरघळल्यासारख्या गेल्या. खरंच होतं ते, पण हे बारीक रेघांपुरतंच, किल्लीने आरपार चिरलेली फिल्म कितीही गरम पाणी ओता, भरून येत नाही.

बाजारात 'पीपीएफ' या एकाच नावाने पीव्हीसी आणि टीपीएच फिल्म पण विकतात. टीपीएच म्हणजे मऊ केलेला पीव्हीसीच समजा. अर्ध्या किमतीत पूर्ण गाडी असं कोणी म्हणालं की बहुतेक वेळा हेच असतं. आपल्या उन्हात ती लवकर पिवळी पडते, कडक होते आणि काढताना तुकडे तुकडे होऊन निघते, मागे गोंद राहतो तो वेगळाच. हातात तुकडा घेऊन ताणून बघा, टीपीयू ताणून सोडला की जवळजवळ मूळ आकारात येतो, पीव्हीसी ताणलेलाच राहतो.

सिरॅमिक कोटिंग हा द्रव असतो, सिलिकॉन डायऑक्साइडवर आधारलेला, रंगावर लावला की घट्ट होऊन एक-दोन मायक्रॉनचा थर बनतो. एक-दोन! फिल्मच्या शंभराव्या भागाएवढा. त्यामुळे दगड अडवेल, डेंट अडवेल, सोसायटीतल्या पोरांच्या सायकलचा ओरखडा अडवेल असं कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे. ते काय करतं तर पाणी टिकू देत नाही, चिखल चिकटत नाही, एका पाण्याने गाडी साफ होते आणि रंग खोल दिसतो. 'नाइन एच कडकपणा' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, तो एच पेन्सिलचा आहे, शाळेत चित्रकलेला एचबी आणि टू एच वापरायचो तोच. म्हणजे नाइन एच पेन्सिलने त्यावर ओरखडा उठत नाही एवढंच, रस्त्यावरची वाळू पेन्सिलपेक्षा कडक असते. ग्राफीन नावाने जे विकतात ते पण वापरायच्या दृष्टीने सिरॅमिकच्याच जातीचं धरून चाला. आणि शोरूममधलं टेफ्लॉन म्हणजे मेणासारखं सीलंट, काही महिन्यांत उतरतं, त्यासाठी पैसे घालू नका.

विनाइल रॅप हा रंग बदलायचा प्रकार, साधारण ८०-१०० मायक्रॉनचा पीव्हीसी, संरक्षण थोडं मिळतं पण दगडापुढे फार टिकत नाही. आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो, त्यामुळे रंग बदलायचा तर आरटीओची परवानगी आणि आरसीत नोंद लागते, मग गाडी एमएच ०४ असो की एमएच ४३. पारदर्शक पीपीएफला हा प्रश्न येत नाही.

किती खर्च करायचा आणि कशावर

मला कॉम्पॅक्ट एसयूव्हीसाठी जे भाव सांगितले ते असे होते: पूर्ण गाडीला टीपीयू फिल्म ७० हजारापासून पावणेदोन लाखापर्यंत, फक्त पुढचा भाग ३० ते ५५ हजार, सिरॅमिक १५ ते ३५ हजार. या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा, तो आधीच विचारून घ्या कारण बहुतेक ठिकाणी बिलाच्या वेळी सांगतात. थ्रीएम, एक्सपेल, सनटेक ही बाहेरची नावं सगळीकडे दिसतात, आणि आपल्याकडे संभाजीनगरला कारखाने असलेली गरवारे हाय-टेक फिल्म्स पण पीपीएफ बनवते. नावापेक्षा लावणाऱ्याचा हात महत्त्वाचा असं मी आता ठामपणे म्हणेन, साधारण फिल्म चांगल्या हाताने लावलेली मला भारी फिल्म घाईत लावलेलीपेक्षा कितीतरी बरी दिसली.

मी पूर्ण गाडी केली नाही. बंपर, पूर्ण बोनेट, दोन्ही फेंडर, आरसे, हेडलाईट, काचेच्या दोन्ही बाजूचे खांब, टपाची पुढची चार-पाच इंचाची पट्टी, दरवाज्यांच्या कडा, हँडलमागच्या वाट्या जिथे नखं लागतात, डिक्कीत सामान चढवताना घासते ती कड, आणि चाकांच्या मागचा दरवाज्याखालचा पट्टा, एवढ्यालाच फिल्म. बाकीला सिरॅमिक. फिल्मवरून पण सिरॅमिक मारून घेतलं, क्रम कायम फिल्म आधी आणि कोटिंग नंतर, उलटं केलं तर फिल्म नीट धरत नाही. काही जण अर्ध्या बोनेटला फिल्म लावून पैसे वाचवतात, ते करू नका, मधोमध आडवी रेघ येते, तिथे धूळ अडकून काळी होते आणि दोन वर्षांत ती रेघ लांबून दिसते.

तुम्ही गाडी दर ३ वर्षांनी बदलत असाल तर फिल्मचे पैसे वसूल होणं कठीण आहे, नुसतं सिरॅमिक करा आणि धुण्याकडे लक्ष द्या. ८-१० वर्षं ठेवणार असाल आणि रोज हायवे असेल तर पुढच्या भागाला फिल्म हवीच. काळी किंवा गडद गाडी आणि पार्किंग उघड्यावर असेल तर पूर्ण गाडीचा विचार करा, गडद रंगावर रेघा फार उठून दिसतात. पांढऱ्या गाडीवर रेघा लपतात पण फिल्म पिवळी पडली तर लगेच कळते, म्हणून पांढऱ्यावर स्वस्त फिल्म कधीच नको.

डिलिव्हरीच्या आधी आणि डिलिव्हरीच्या दिवशी

गाडीचा रंग सगळ्यात जास्त खराब होतो तो शोरूममधे, डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी. स्टॉकयार्डमधे महिनाभर धूळ खात उभी असलेली गाडी घाईघाईत एका फडक्याने पुसतात आणि आपल्याला पहिल्याच दिवशी गोल रेघांसकट मिळते. बुकिंगच्या वेळीच लेखी द्या, फॉर्मवरच लिहून सही घ्या: गाडी धुवायची नाही, पुसायची नाही, पॉलिश नाही, टेफ्लॉन नाही, प्लास्टिक काढायचं नाही. सेल्समन हसेल, म्हणेल 'सर पाडव्याला एवढ्या गाड्या आहेत, आमची पोरं करून टाकतात.' तुम्ही तरी दोनदा फोन करून आठवण करा. माझी गाडी धुळीने माखलेली मिळाली, घरचे नाराज झाले, पण टॉर्च मारून बघितलं तर रंग स्वच्छ होता.

नोंदणीच्या आधी स्टॉकयार्डला जाऊन गाडी बघा आणि शक्य असेल तर पेंट थिकनेस गेज, म्हणजे रंगाची जाडी मोजायचं यंत्र, घेऊन जा, डिटेलिंगवाल्याकडे असतो, ओळख झाली असेल तर तो माणूस बरोबर येतो पण. सगळे पॅनेल १००-१५० मायक्रॉनच्या आत-बाहेर आणि एकच दरवाजा २५० दाखवत असेल तर तो वाहतुकीत ठोकून परत रंगवलेला असू शकतो. हे फिल्मसाठी पण महत्त्वाचं आहे. कारखान्यातला रंग साधारण १४० अंशांच्या भट्टीत भाजलेला असतो, त्यावर पहिल्या दिवसापासून फिल्म लावता येते. गॅरेजमधे मारलेला रंग तसा पक्का नसतो, त्यातलं थिनर उडून जायला निदान महिना-दीड महिना द्यावा लागतो, नाहीतर फिल्मखाली फुगे येतात आणि पुढे कधी फिल्म काढताना रंगही सोबत निघतो.

आणि पूजा. पूजा करायचीच, फक्त थोडं सांभाळून. हळदीचा डाग चिवट असतो, क्लिअर कोटवर ओली हळद वाळली की डाग राहू शकतो आणि नवीन फिल्मवर तर पिवळा ठिपका बसू शकतो. आमच्या आईने स्वस्तिक बोनेटऐवजी पुढच्या काचेवर काढलं, कोपऱ्यात, आणि ते कुठूनही कमी वाटलं नाही. हाराची तार आणि जरी बोनेटवर घासते, हार लोखंडी तारेऐवजी दोऱ्यात ओवलेला मागा आणि गाडी चालवायच्या आधी काढून आत ठेवा. नारळ बंपरपासून दोन हात लांब फोडा, करवंटीचे तुकडे उडतात.

दुकान निवडताना

फोनवर भाव विचारून दुकान ठरवू नका, जा आणि काम चालू असताना बघा. खोली बंद आहे का, जमीन ओली किंवा धूळविरहित ठेवलीय का, की रस्त्याकडेला शटर उघडं ठेवून फिल्म चिकटवताहेत. घोडबंदर रोडची धूळ उघड्या शटरमधून फिल्मखाली गेली तर ती कायमची तिथेच. ६ महिने किंवा वर्ष झालेली, त्यांनी केलेली एखादी गाडी दाखवायला सांगा, नवीन लावलेली फिल्म सगळ्यांची छान दिसते, कडा उचलल्यात का ते वर्षाने कळतं.

फिल्म गाडीवर कापणार की मशीनवर, हे नक्की विचारा. प्लॉटर मशीनवर तुमच्या मॉडेलचा नमुना घालून फिल्म आधीच कापून घेता येते, मग गाडीजवळ ब्लेड फार कमी येतं. दुसरी पद्धत म्हणजे अख्खा तुकडा गाडीवर पसरून कडेने ब्लेड फिरवायचं. हात चांगला असेल तर त्यात कडा जास्त छान आत वळवता येतात, पण हात चुकला तर काय होतं ते माझ्या बहिणीच्या गाडीवर बघितलंय. खारघरला राहते ती, तिकडच्याच एका दुकानात काम केलं होतं. दोन वर्षांनी एक दरवाजा ठोकला गेला म्हणून फिल्म काढली तर दरवाज्याच्या कडेने आतून एक सरळ बारीक रेघ, क्लिअर कोट आणि रंग कापून पार पत्र्यापर्यंत गेलेली. त्यातून पाणी जाऊन एका जागी लालसर झालं होतं. नखाने चाचपलं तर नख अडकत होतं. फिल्म होती तोवर कुणालाच दिसलं नाही. म्हणून ब्लेड वापरणार असतील तर त्याआधी कडेला नाइफलेस टेप लावणार का, हे विचाराच. या टेपमधे एक दोरा असतो, तो ओढला की फिल्म कापली जाते आणि रंगाला पातं लागतच नाही.

फिल्मचा रोल तुमच्यासमोर उघडायला सांगा, खोक्यावरचा आणि रोलवरचा नंबर जुळवून फोटो काढा, आणि वॉरंटी त्याच नंबरवर कंपनीच्या साइटवर नोंदवून घ्या. वॉरंटीत पिवळेपणा, तडे, सुटणं हे धरलेलं असतं, दगडाने फाटलेलं नसतं, ते आधीच वाचून घ्या म्हणजे नंतर वाद नको. बिलावर प्रत्येक पॅनेलचा भाव वेगळा लिहून घ्या. हे मी का सांगतोय ते शेवटी येईल.

काम कसं चालतं

पुढच्या भागाला दोन दिवस, पूर्ण गाडीला तीन-चार दिवस धरा. 'सकाळी द्या संध्याकाळी न्या' म्हणणाऱ्याकडे पूर्ण गाडी देऊ नका. पहिला दिवस नुसता सफाईचा असतो आणि तो सगळ्यात महत्त्वाचा. गाडी धुतात, मग आयर्न रिमूव्हर मारतात, तो ब्रेकच्या आणि रेल्वेच्या लोखंडी कणांवर पडला की जांभळा होतो. नव्या कोऱ्या गाडीवर जांभळे ओघळ बघून मला धक्काच बसला, पण स्टॉकयार्ड आणि ट्रेलरच्या प्रवासात एवढे कण बसतात. मग क्ले बार, म्हणजे मातीसारखा मऊ गोळा साबणाच्या पाण्यावर फिरवून राहिलेली खरखर काढतात. प्लास्टिकची पातळ पिशवी हातात घालून बोनेटवरून बोटं फिरवून बघा, खरखर असेल तर लगेच कळते. रेघा असतील तर हलकं पॉलिश, नवीन गाडीला एका हलक्या फेरीच्या पलीकडे लागायला नको. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेलकटपणा काढायचा.

फिल्म ओली लावतात. गाडीवर आणि गोंदाच्या बाजूवर बेबी शाम्पूचं पाणी मारतात म्हणजे फिल्म सरकवता येते, जागेवर बसली की स्क्वीजीने, म्हणजे पाणी ओढायच्या पट्टीने, मधून कडेकडे पाणी काढतात, आणि कडांना अल्कोहोल मिसळलेलं पाणी मारून पक्कं करतात. बंपरवर ताणताना बघण्यासारखं असतं, जास्त ताणली तर रेघा उमटतात किंवा थोड्या दिवसांनी मागे सरकते. पार्किंग सेन्सरच्या गोलावर फिल्म ठेवायची नाही, तिथे नीट गोल कापून मोकळं ठेवायला सांगा. कोटिंग त्यानंतर, छोट्या चौकोनी फडक्याने एकेक भाग करून लावतात आणि मिनिटभराने पुसतात, पुसायला उशीर झाला की इंद्रधनुष्यासारखे पट्टे राहतात, ते वाळल्यावर पॉलिश केल्याशिवाय जात नाहीत.

गाडी घेताना दिवसाच्या उजेडात बाहेर काढून बघा, मग सावलीत टॉर्च मारून बघा. पाण्याचे फुगे दिसले तर घाबरू नका, एक-दोन आठवड्यांत वाळून जातात, बोटाने दाबलं की सरकतात ते पाण्याचे. हवेचा फुगा आणि धुळीचा कण जात नाही, आकाराने टाचणीच्या डोक्याएवढे एक-दोन सोडून द्या, पण बोनेटच्या मधोमध पाच-सहा असतील तर तो पॅनेल परत करून मागा, तिथल्या तिथे. सगळ्या कडांवरून नख हलकेच फिरवा, उचलतंय तिथे खूण करा.

नंतरचं सगळं धुण्यावर आहे

पहिले २४ तास पाणी नको आणि सात दिवस शाम्पू, प्रेशर वॉशर काही नको. म्हणून शक्यतो भर पावसात करू नका, पाडवा ते मे अखेर किंवा दसऱ्यानंतर, गाडी तशीही तेव्हाच घेतली जाते.

मग फडका. आमच्या सोसायटीत गाड्या पुसणारे काका पहाटे पाचला येतात, एक बादली, एक फडका आणि वीस गाड्या. पाचव्या गाडीपर्यंत बादलीतलं पाणी चहासारखं होतं आणि तीच वाळू सहाव्या गाडीवर. यात त्यांचा काय दोष, त्यांना कोणी दुसरं काही दिलंच नाहीये. मी त्यांना भेटून म्हटलं, काका, माझी गाडी रोज नका पुसू, आठवड्यातून दोनदाच, आणि पैसे पूर्ण देतो, वर दोनशे जास्त. तर म्हणाले, साहेब, गाडी धुळीची दिसली तर बाकीचे म्हणतात मी काम करत नाही. मग मी वायपरखाली चिठ्ठी ठेवायला लागलो आणि त्यांना दोन बादल्या, एक वॉश मिट म्हणजे धुवायचा जाड मऊ हातमोजा, तीन मायक्रोफायबरचे फडके दिले. आधी नुसतं पाणी मारून धूळ उतरवायची, मग एका बादलीतून शाम्पूचा मिट, घासून झालं की दुसऱ्या बादलीत खळबळून मगच परत शाम्पूत, वरून खाली, चाकांचा फडका वेगळा. शेवटी जाड टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही. पंधरा दिवसांत त्यांचा हात बसला, आता आणखी दोन गाड्यांना तसंच करतात. शाम्पू न्यूट्रल पीएचचा, भांड्याचा साबण नको, तो कोटिंगचा पाणी झटकायचा गुण लवकर मारतो.

पाणी कुठलं तेही बघा. नवी मुंबईत मोरबे धरणाचं नळाचं पाणी बरंच मऊ आहे, आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतात आणि ते बहुतेक बोअरचं जड पाणी, उन्हात वाळलं की गोल पांढरे डाग. सिरॅमिकवर थेंब उभा राहतो त्यामुळे हे डाग उलट जास्त ठळक पडतात, हे कोणी आधी सांगत नाही. उन्हात धुवायचं नाही आणि धुतलं की लगेच टिपायचं. डाग पडलाच तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून मिनिटभर ओला फडका ठेवा, पुसा आणि भरपूर पाण्याने धुवा.

प्रेशर वॉशरचा नोझल फिल्मच्या कडांपासून हातभर लांब. विष्ठा किंवा फळ पडलं तर ओला मायक्रोफायबर पाच मिनिटं ठेवून उचलायचं, कोरडं खरवडायचं नाही. होळी आणि विसर्जनाच्या गुलालावर आधी भरपूर पाणी, कोरडा हात फिरवलात तर तो सँडपेपर होतो. दिवाळीत गाडी वरच्या मजल्यांच्या गॅलरीखाली लावू नका, फटाक्याची ठिणगी फिल्मला भोक पाडते. आणि कव्हर घालत असाल तर गाडी स्वच्छ असेल तरच घाला, धुळीवर कव्हर वाऱ्याने हलत राहिलं की रात्रभर तेच घासणं चालू.

चांगली टीपीयू फिल्म ५ ते ७ वर्षं आरामात जाते, त्यानंतर कडा पिवळ्या किंवा कडक व्हायला लागल्या की वाट न बघता काढून घ्या. जितकी जुनी तितकी निघायला वाईट. काढताना वाफ किंवा हीट गनने गरम करून, पत्र्याला जवळजवळ समांतर धरून सावकाश ओढायची असते, थंड असताना सरळ वर खेचली तर गोंद मागे राहतो. घरी करू नका, विशेषतः पॅनेल आधी रंगवलेला असेल तर.

आता पॅनेलवार बिलाचं. मागच्या पावसात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलेलं, दोन्ही बाजूंनी गाड्या अडकलेल्या, आणि एक रिक्षा डावीकडून घुसताना माझ्या बंपरच्या कोपऱ्याला घासत गेली. उतरून बघितलं तर हातभर लांब काळा ओरखडा, मधे फिल्म फाटून सालासारखी लोंबत होती. दुसऱ्या दिवशी दुकानात तो तुकडा गरम करून काढला, खालचा निळा रंग पहिल्या दिवसासारखा, फक्त कोपऱ्यात बंपर किंचित दबलेला, तो तेवढा राहिला. बिलात बंपरचा भाव वेगळा लिहिलेला होता, त्यांनी तेवढ्याच भावात तेवढाच बंपर परत करून दिला आणि दुपारपर्यंत गाडी हातात होती.